समोर बसून शिकलेला हात

मर्गन्सर पॉइंट, व्हरमाँट
१४ सप्टेंबर

रेमी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच शेगडीत टाकशील, अशी मला निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्याच्या भरवशावर लिहितेय. आईला पुरलं त्या दिवशी आपण बोलणं टाकलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा कोण चुकलं यावर भांडायला मला आत्ता सवड नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

तुला राज्याच्या समितीचं पत्र येईल. आम्ही मान्यतेचा अर्ज केलाय. आम्ही म्हणजे हार्लन आणि त्याच्या मागची त्रेसष्ट माणसं, ज्यांना तू 'हार्लनची जत्रा' म्हणायचास. या सरोवराकाठचे आम्ही मूळचे अबेनाकी इंडियन आहोत हे राज्याने एकदा कागदावर मान्य करावं, एवढंच मागणं आहे. समिती घरातल्या सगळ्या हयात माणसांना विचारतेय, आणि आपल्या घरात हयात माणसं दोनच. तुझी आजी, म्हणजे आपली मेमेर, कोणाची कोण, टोपल्या विणायला कुठे शिकली, असलं काहीबाही विचारतील. तू लिहून टाक, 'मी धाकटा होतो, मला आठवत नाही.' खोटं बोल असं मी म्हणत नाही. तुला तसंही काही आठवत नसतं, माझा वाढदिवससुद्धा.

हे मला का हवंय, ते तुला कळणार नाही, कारण आई शेवटचं बोलली तेव्हा तू स्वयंपाकघरात सूप गरम करत होतास. ती म्हणाली, "ऑरोर, आपण कोण ते कुठेतरी लिहून घे." बस. त्यानंतर तीन दिवस ती नुसती श्वास घेत होती. मी आता सहासष्ट वर्षांची आहे. शाळेत मला जिप्सी म्हणायचे, चर्चमध्ये फ्रेंच म्हणायचे, आणि उत्तरेकडचे खरे अबेनाकी म्हणतात की आम्ही सोंगं आहोत. मरायच्या आधी मला एक नाव हवंय, तेही सही-शिक्क्याचं.

अर्जासोबत मेमेरची एक टोपली दिली आहे. तिच्याबद्दल विचारलं तर तीही आठवत नाही म्हण.

ऑरोर

६ ऑक्टोबर

रेमी,

नऊ वर्षांनी भावाचं पत्र येतं, आणि त्यावर पुलाचं चित्र आणि मागे दोन शब्द. 'कुठली टोपली?' कनेटिकटमध्ये शाई महाग झालीय का?

ठीक आहे. सांगते, पण पूर्ण वाच, मधेच टाकू नकोस.

अर्जात हार्लनने आपल्या घरच्या चौदा टोपल्यांचे फोटो लावले होते. मेमेरच्या, आईच्या, माझ्या. आपल्या टोपल्यांच्या काठावरचे वेढे डावीकडे झुकतात, बाकी सगळ्यांचे उजवीकडे. लहानपणापासून आपण तीच आपली खूण मानत आलो. मेमेर जत्रेत दुसऱ्याची टोपली उचलायची, काठ बघायची आणि 'आपली नाही' म्हणून खाली ठेवायची, आठवतं? हार्लनने मोठ्या झोकात लिहिलं की तीन पिढ्यांची ही घराण्याची खूण आहे, याहून मोठा पुरावा कोणता?

समितीने ते फोटो सीमेपलीकडे, उत्तरेकडच्या अबेनाकींकडे पाठवले. तिथे आगात नावाची एक म्हातारी टोपल्या करते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं उत्तर आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की तोंडपाठ झालंय. 'ही खूण घराण्याची नाही. आमच्यात पोरगी आईच्या शेजारी बसून विणायला शिकते, म्हणून तिचा हात आईसारखाच जातो. परका माणूस समोर बसतो. तो आरशात बघितल्यासारखं उचलतो आणि त्याचं सगळं उलटं येतं. या बाईच्या आजीला कोणीतरी समोर बसवून शिकवलं. म्हणजे ती आमच्या घरातली नव्हती.'

झालं. ज्या काठावर आम्ही एवढे नाचत होतो, त्यानेच आम्हाला तोंडावर पाडलं. हार्लन दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला आणि माझ्या माळ्यावर चढला. मी खाली घेवडा ढवळत होते. थोड्या वेळाने तो शिडीवरच बसला. हातात एक लहानशी टोपली, बरण्यांच्या मागे सापडलेली, धुळीने काळी झालेली. काठाचे वेढे उजवीकडे.

"ऑरोर," तो म्हणाला, "ही मेमेरची अगदी पहिली टोपली असणार. बघ ना, हात सरळ आहे. पुढे संधिवाताने उलटा झाला असेल."

मी म्हणाले, "असेल."

एवढंच बोलले रे मी. ती मेमेरची आहे असं मी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. तो इतका खूश झाला की त्याने माझं कपाळ चुंबलं, आणि त्याच्या दाढीला माळ्यावरची जळमटं लागली होती.

आता तुला कळलं असेल कुठली टोपली. बुडाला एक पट्टी तुटलेली आहे, कारण तू तिच्यात बेडूक ठेवला होतास. तू नऊ वर्षांचा, मी सोळाची. मी तुला समोर बसवून शिकवलं, माझ्या उलट्याचं तुझ्याकडे पुन्हा उलटं झालं आणि तुझा हात त्यांच्यासारखा सरळ गेला. हे जगात फक्त दोघांना माहीत आहे, त्यातली एक मी. म्हणून म्हणते, तुला आठवत नाही.

ऑरोर

११ नोव्हेंबर

रेमी,

तू उत्तर दिलं नाहीस. तरी लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

आगात आली होती. कळवणं नाही, काही नाही. मंगळवारी सकाळी एक जुनाट ट्रक अंगणात थांबला आणि त्यातून माझ्या खांद्याला लागेल एवढी म्हातारी उतरली. घरात यायच्या आधी ती मागे गेली. तिथे काळ्या अॅशच्या झाडाचा ओंडका पडला होता, टोपल्यांच्या पट्ट्या काढायला आणलेला. तिने त्याच्या टोकाकडे वाकून बघितलं.

"हे झाड कोणी निवडलं?"

"मी," मी म्हटलं.

"बरं निवडलंस. पण सुकत चाललंय. आज ठोकलं नाहीस तर सरपण होईल."

मग आम्ही दोघींनी ते ठोकलं. कुऱ्हाडीची पाठ घेऊन, एक घाव तिचा, एक माझा, वर्षावर्षाचा थर सुटेपर्यंत. ठोकताना बोलता येत नाही, ते बरंच झालं. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. सुटलेली पट्टी ती ओठांवर धरून ओलावा बघते, मेमेर बघायची तश्शी.

घरात तिला घेवड्याचं सूप दिलं. "मीठ कमी आहे," म्हणाली आणि दोन वाट्या प्यायली. मग तिने सुरुवात केली. काहीही राखून न ठेवता बोलली, ते तुला जसंच्या तसं सांगते.

"तुझा हार्लन पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे आला होता. डोक्यात पिसं घालून. माझा पणतू विचारतो, हा कुठल्या सर्कशीतला?"

"त्याचं मन चांगलं आहे," मी म्हटलं.

"असेल. मनाला कोण विचारतंय? माझ्या आईला शाळेत आमची भाषा बोलली म्हणून साबण चावायला लावला. आज ती बोलणारी माणसं मी दोन हातांवर मोजते. आम्ही कुठे लपलो नाही, कुठे गेलो नाही. तिथेच राहिलो आणि सोसलं. आणि आता, सगळं निवल्यावर, तुम्ही येऊन म्हणणार, आम्हीपण तेच."

मी तिला सर्व्हेवाल्या बाईचं सांगितलं. ती वही घेऊन घरोघर फिरायची, ही माणसं कमअस्सल, यांना पोरं होऊ देऊ नका असं लिहायची, आणि ती आली की मेमेर बटाट्यांच्या तळघरात लपायची. मी म्हटलं, "लाज आणायची होती तेव्हा आमचं नाव लिहायला कोणी कागद मागितला नाही. आता मान द्यायचा तर चार पिढ्यांचे दाखले लागतात."

आगात म्हणाली, "त्या वहीत इंडियन लिहिलं होतं की गरीब लिहिलं होतं?"

तुझाच प्रश्न, रेमी. आईच्या दफनानंतर तू हाच विचारला होतास, आणि मी तुझ्या अंगावर कॉफी फेकली होती. आगातच्या अंगावर फेकली नाही.

मग तिने तिच्या मावशीचं सांगितलं. मालिअन नाव. दर उन्हाळ्यात ती उत्तरेकडून यायची, आपल्या सरोवरावरच्या मोठ्या हॉटेलच्या व्हरांड्यात बसून पाहुण्यांना टोपल्या विकायची. लेक शेजारी बसलेली असायची. एका वर्षी इथली शेतावरची एक पोरगी रोज यायला लागली, शिकव म्हणून मागे लागली. मालिअनने शिकवलं, पण समोर बसवून. मुद्दाम. परक्याला शिकवायची वेळ आलीच तर समोर बसवायचं, म्हणजे पुढे टोपली बघून कळतं कोणाचा हात आहे. हे त्यांच्यात आधीपासून चालत आलेलं.

"तुझ्या आजीने तुला यातलं काही सांगितलं होतं?" आगातने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि मग निघून गेली.

रेमी, मेमेरने मला सांगितलं होतं. मी अकरा वर्षांची होते. जिन्यात बसून ती पट्ट्या तासत होती आणि एकदम म्हणाली, "मी समोर बसायचे. तिची पोरगी शेजारी." एवढंच. मी ते कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, हार्लनला नाही, अर्जात तर नाहीच. पंचावन्न वर्षं मी उलटा काठ आपली खूण म्हणून मिरवतेय, आणि तो उलटा का आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

हे वाचून जाळून टाक.

ऑरोर

३० नोव्हेंबर

रेमी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी तब्बल दोन ओळी. 'समितीने आठ तारखेला बोलावलंय. मी येतोय, विचारलं तर जे आहे ते सांगेन.'

ये. जरूर ये. नऊ वर्षं बहिणीच्या दारात यायला गाडीत पेट्रोल नव्हतं, आता तिचा गळा कापायला आहे.

आईच्या शवपेटीवर हार्लन अबेनाकी रीतीने तंबाखूची चिमूट ठेवत होता, तेव्हा तू त्याचं मनगट धरलंस. सगळ्या गावासमोर. 'माझी आई ख्रिस्ती होती, रोझरी म्हणायची, हे नाटक बंद करा.' ती रोझरी म्हणायची, हे खरं. सरोवराचा बर्फ फुटला की ती पाण्यात तंबाखूही सोडायची, हेही खरं, मी बघितलंय. तू बघितलं नाहीस, कारण तू झोपलेला असायचास. एका बाईत दोन्ही असू शकतं की नाही?

मी काय करणार आहे ते ऐक. आठ तारखेला मला शपथ घेऊन सांगायचंय की ती टोपली मेमेरची. मी सांगणार. त्रेसष्ट माणसं माझ्याकडे डोळे लावून बसली आहेत. हार्लनची बहीण ल्युसिल आत्तापासून मेपलच्या पाकाच्या वड्या करतेय, मान्यता मिळाली की वाटायला. ही माणसं माझ्या आजारपणात जळण फोडून द्यायला आली. तू कुठे होतास? त्यांच्यासाठी मी एक शब्द बोलले तर कोणाचं काय जातं? आगातचं जातं, हे मला ठाऊक आहे, ते तू मला सांगू नकोस. तिची भाषा मोजायला दोन हात पुरतात आणि मी तिच्या मावशीच्या अंगणात चोरपावलांनी शिरतेय. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतोय, आणि तुझा त्याहून जास्त.

तू उठलास आणि बोललास, तर मी मेल्यावरही माझ्या दफनाला येऊ नकोस.

ऑरोर

१२ डिसेंबर

रेमी,

तू थांबला नाहीस. मी बाहेर येईपर्यंत तुझी गाडी गेली होती, नुसते चाकांचे माग बर्फात. म्हणून पुन्हा कागदच घ्यावा लागला.

तू मागच्या रांगेत होतास, टोपी दोन्ही हातांत धरून, शाळेत शिक्षा झाल्यावर बसायचास तसा. म्हातारा झालास रे. आत शिरताना मी तुला बघितलं. मला वाटलं, हा आता उठेल. मग आगातला बोलावलं, तेव्हा मला वाटलं ती आमची सालटी काढेल. तिने टोपली हातात घेतली, पालथी केली, काठावरून अंगठा फिरवला.

"पोराने केलेली आहे," ती म्हणाली. "वीण ढिली आहे. पण वेढे सरळ आहेत, आमच्यासारखे. मी यांच्या विरोधात बोलायला आले होते. पण ही टोपली खरंच यांच्या आजीने लहानपणी केली असेल, तर ती आमच्यातल्या कोणाच्या तरी शेजारी बसून शिकली, हे मला मान्य करावं लागेल."

हार्लनने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतोय. आम्ही जिंकलो होतो. मला फक्त हो म्हणायचं होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "शपथेवर सांगा, ही टोपली तुमच्या आजीची का?" आणि मी आगातकडे बघितलं. ती स्वतःच्या माणसांच्या विरुद्ध बोलून बसली होती, कारण काठ तसं सांगत होता. आणि काठ खोटं सांगत होता, माझ्यामुळे.

मी म्हणाले, "नाही. ही माझ्या भावाची. तो मागे बसलाय. मी शिकवली, समोर बसवून. आजीलाही समोर बसवूनच शिकवलं होतं, तिने मला सांगितलं होतं."

मग त्यांनी तुला उभं केलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे खरं आहे का?" आणि तू काय म्हणालास? टोपी चुरगाळत, जमिनीकडे बघत, "मी धाकटा होतो. मला आठवत नाही."

गाढवा. दोनशे मैल गाडी चालवून खरं बोलायला आलास, आणि मी बोलल्यावर माझ्यासाठी खोटं बोललास. मलाच बेडकाचं सांगावं लागलं, तेव्हा लोक हसले. तूही हसलास, मी बघितलं.

अर्ज फेटाळला. सहा विरुद्ध एक. हार्लन माझ्याशी बोलत नाही. रविवारच्या जेवणाला मी घेवड्याचं भांडं घेऊन गेले, तर ल्युसिलने ते दारातच घेतलं आणि 'थँक यू' म्हणून दार लावलं. पाकाच्या वड्यांचं काय केलं कोण जाणे. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या कोणाची आजी कदाचित खरंच शेजारी बसली असेल, आणि माझ्या एका टोपलीने सगळ्यांनाच बुडवलं. ते ओझं माझ्यावर राहणार. आईने सांगितलं होतं लिहून घे, आणि सरकारी कागदावर लिहिलं गेलं ते 'पुरावा नाही'.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

बाहेर आगात तिच्या ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. मला वाटलं बघणारही नाही. ती खरवडणं न थांबवता म्हणाली, "मी तुला त्या दिवशी अर्धंच सांगितलं. समितीला तर सांगणारच नव्हते, आणि आताही सांगणार नाही. पण तू आत बोललीस, म्हणून तुला सांगते."

मालिअनने त्या पोरीला समोर बसवलं. ती पोरगी उठली आणि येऊन शेजारी बसली. मालिअनने तिला परत समोर पाठवलं. ती पुन्हा आली. तीन वेळा. तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा ती रडली, मोठ्याने नाही, नुसती विणत राहिली आणि पट्ट्यांवर पाणी पडत राहिलं. मालिअन म्हातारपणी सारखं तेच सांगायची. "हौसेने शिकायला आलेली परकी पोरगी कशाला रडेल?" असं विचारायची. त्या पोरीला ती कोणाची म्हणून घरून काय सांगितलं गेलं होतं, ते मालिअनने कधी विचारलं नाही. त्याचा तिला शेवटपर्यंत त्रास झाला.

"मग मेमेर कोण होती?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," आगात म्हणाली. "तुलाही माहीत नाही. मी हो म्हणणार नाही. पण एवढं ठेव तुझ्याजवळ." मग ट्रक सुरू होईना, तर मला ढकलायला लावलं.

आता माझं. मी तुला लिहिलं होतं की मी तुला समोर बसवून शिकवलं. मुद्दाम बसवलं हे लिहिलं नव्हतं. मेमेरचं ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. समोर बसवलं की माणूस बाहेरचा होतो, एवढं मला कळलं होतं. आई तुझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि मला लाकडं आणायला पाठवायची, आणि मला तू बाहेरचा व्हायला हवा होतास. तू उठून माझ्या शेजारी येऊन बसलास. मी तुला ढकललं. तू पुन्हा आलास. तिसऱ्यांदा मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली. तू रडला नाहीस, टोपली पूर्ण केलीस, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात बेडूक ठेवलास.

हे तुला आठवत नसेल तर बरंच आहे. आठवत असेल, आणि मला वाटतं आठवतच असेल, तर त्याची माफी मागते. कॉफीचीही.

ठोकलेल्या पट्ट्या अजून ओल्या आहेत, पण फार दिवस राहणार नाहीत. खिडकीजवळचा बाक तोच आहे. ये, आणि या वेळी तुला हवं तिथे बस.

ऑरोर